तीन शनिवारच्या खुणा

शनिवार, बारा मे एकोणीसशे बासष्ट. अकोला. हजर: मोठे डॉक्टर, श्रीपत माळी, देवकाबाई, दिव्यांच्या कामावर, आणि मी, दवाखान्याची व्यवस्था पाहणारी बाई. गैरहजर: कोणी नाही.

इथवर सगळं खरं आहे. त्या दिवसाच्या पानावर ते माझ्याच अक्षरात आहे. त्याच्या खाली जे आहे ते खरं नाही — आणि हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. दर्यापूरच्या बहिणीला नाही, वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा त्यांनाही नाही. सात वर्षं झाली. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच असेल.

मी नीटनेटकी बाई आहे. हे कौतुक म्हणून सांगत नाही, पुढे कळायला हवं म्हणून सांगते. चादरी किती धुवायला गेल्या, फिनेल किती उरलं, कोणत्या खाटेचा पाय हलतो — सगळ्याच्या याद्या. लग्न केलं नाही; घर म्हणजे दवाखान्यामागची एक खोली. संध्याकाळी दार लावल्यावर बोलायला कोणी नसे, तेव्हा मी दुसऱ्या दिवसाची यादी करायची. माणसाला काहीतरी सोबत लागतेच ना?

आमचा दवाखाना गावाबाहेर होता, साथीच्या रोग्यांसाठी. अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक असेल तर पाण्याचं वेगळं सांगायला नको. मोठ्या डॉक्टरांच्या मनात आलं, की वॉर्डातलं धुण्याचं पाणी नाल्यात सोडण्यापेक्षा मळ्याला द्यावं. पण ते रोग्यांचं पाणी! म्हणून परदेशातल्या कोणा स्नेह्याकडून त्यांनी दिवे मागवले. दोन हौदांत पाणी निवळायचं, मग सिमेंटच्या एका लांब कुंडातून सरकायचं, आणि त्या कुंडात आडवे आठ दिवे — प्रत्येक दिवा काचेच्या नळीत, नळी पाण्यात. त्यांचा उजेड जंतू मारतो, त्याच्याकडे टक लावून पाहायचं नाही, असं डॉक्टरांनी आम्हाला बजावलं होतं. गावातून लोक ते निळे दिवे पाहायला यायचे.

सगळं त्या काचेवर होतं. आमचं पाणी खारं. बंबाच्या आत जसा पांढरा थर धरतो, तसा त्या नळ्यांवर आठवड्याभरात धरायचा. दिवा लागलेला दिसायचा, निळा, छान — पण तो थर उजेडातला कामाचा भागच अडवून धरायचा. म्हणून दर शनिवारी बटण बंद करायचं, नळ्या निवू द्यायच्या, मलमलीचं फडकं लिंबाच्या रसात भिजवून त्यांच्यावर गुंडाळून ठेवायचं, थर सुटला की पुसायचं, चांगल्या पाण्यानं धुवायचं, कोरडं करायचं. बोट लावायचं नाही. बोटाचा तेलकटपणाही चालत नसे.

हे काम देवकाबाईचं. माझ्याच वयाची, विधवा, बार्शीटाकळीकडची. छप्पन साली त्यांच्या घरानं बौद्ध धर्म घेतला, तेव्हाच केरसुणी आणि मेलेली ढोरं दोन्ही सोडली. पहिल्याच दिवशी तिनं मला सांगून टाकलं होतं, "बाई, झाडाचं काम असन तं आताच सांगा. मी परत जातो." मी म्हटलं, झाडायचं नाही, दिव्यांचं काम आहे. ती हसली. "दिव्याचं असन तं करतो. आमच्या घरात दिवा लावनारी मीच पयली."

आणि काय काम करायची! एकेक नळी दारातल्या उजेडाकडे धरून, एक डोळा मिटून आरपार पाहायची. पुसायला एक दिवस उशीर झाला की तिचं सुरू व्हायचं — "लागला दिसते बाई, पन आतून आंधया झाला हा." मला ते आवडायचं. तिला मी तसं कधी म्हटलं नाही.

आता यादीबद्दल. मी आधी दुसरंच सांगत बसले, नाही? यादीत कामं डावीकडे, शनिवार वर, आणि चौकोनांत खुणा. त्या खुणा मीच करायची. सगळ्यांच्या. कामगारांच्या सह्या-अंगठ्यांनी पान घाण होतं असं मला वाटे. एका हाताच्या, एका शाईच्या खुणा कशा रांगेत दिसतात! देवकाबाई प्रौढांच्या वर्गाला जाऊन लिहायला शिकली होती. तिनं एकदा विचारलं, "माह्या कामापुढं मी सही करत जाऊ का? मले येते आता." मी म्हटलं, एकीला दिलं की सगळे मागतील. ती म्हणाली, "मागू द्या ना. काय बिघडते?" मी वही मिटली. तिला तोरा आला आहे असं मनात म्हटलं. हेही सांगायलाच हवं.

आणि त्याहून वाईट सवय — खुणा मी शनिवारी सकाळीच करून टाकायची. काम व्हायच्या आधी. माणसं माझी, कामं ठरलेली, होणारच होती. संध्याकाळी पुन्हा वही कशाला उघडायची?

बारा मेला सकाळी आठ वाजता मी खूण केली. नऊ वाजता कळलं की दवाखान्याला मदत करणारी पाहुणेमंडळी दुपारी येत आहेत, पंचवीस-तीस माणसं. त्या उन्हात सरबत द्यायलाच हवं. चांगली लिंबं मेमध्ये मिळत नाहीत. बाजारात होती ती वाळून सुपारीएवढी झालेली. कोठीत दिव्यांसाठी राखलेली दोन डझन तेवढी रसरशीत होती. ती मी स्वयंपाकघरात पाठवली. देवकाबाईला मागच्या अंगणात गाद्या उसवायला बसवलं. मागच्या अंगणातच का? पाहुण्यांच्या पुढ्यात ती नको, असं माझ्या मनात आलं होतं का? आलं होतं.

पाहुण्यांनी सरबत पिऊन दिवे पाहिले. वाहवा केली.

सोमवारी ती आली. "बाई, लिंबं आनून द्या, आज पुसून टाकतो." तुम्हाला हे हास्यास्पद वाटेल — माझ्या यादीत दिवे पुसण्याला सोमवारचा चौकोनच नव्हता. शनिवारचा होता, आणि त्यात खूण झालेली होती. सोमवारी पुसले तर ते मांडायचं कुठे? आणि शनिवारची खूण खोडायची? माझ्या वहीत खाडाखोड नव्हती. वर्षभरात एक नव्हती. मी म्हटलं, शनिवारचं काम शनिवारी. एकोणीस तारखेला सकाळी मी खूण केली. लिंबं आली नाहीत. पावसाच्या आत गाद्या व्हायला हव्या होत्या. तिला पुन्हा कापसात बसवलं. सव्वीसला पुन्हा तेच. त्या दिवशी ती चिडली होती. "काहून बाई, दिव्यावर रुसल्या का तुमी? पांढरे फट झाले ना थे." मी हसले. पुढच्या शनिवारी पाहू म्हटलं.

पुढच्या शनिवारी, जूनच्या दोन तारखेला, श्रीपत माळी तापानं पडला होता. विषमज्वर. मळ्यातली काकडी तोडायची, पाटाच्या पाण्यात बुचकळायची आणि तिथेच उभ्यानं खायची, ही त्याची रोजची न्याहारी. दिवे आहेत म्हटल्यावर त्याला कोणी अडवलं नव्हतं. महिनाभर तो आमच्याच वॉर्डात होता. वाचला. पण उजवा कान गेला.

तो अजून खाटेवर असताना डॉक्टरांनी कुंडातली एक नळी काढून आणली. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर ती नळी. त्यांनी नखानं खरवडलं तर चुन्यासारखे पापुद्रे पडले. मग त्यांनी माझी वही मागवली. माझ्या याद्यांवर त्यांचा फार विश्वास. पाहुण्यांना ते त्या कौतुकानं दाखवत. देवकाबाईच्या कामापुढे एकही चौकोन रिकामा नव्हता.

"खूण आहे," ते तिला म्हणाले, "आणि नळी ही अशी. मग तू करत काय होतीस?"

ती घाबरली नव्हती — घाबरायचं तिला कारण काय होतं? ती सरळ म्हणाली, "साहेब, थे तीन शनवार मी पुसलेच नाई. बाईनं मले गाद्याइले बसवलं होतं. लिंबंच नव्हते तं पुसू कायनं? इचारा ना बाईले."

आणि ती माझ्याकडे पाहून थांबली. अगदी निर्धास्त. मी आता सांगणार, आणि झालं.

डॉक्टरांनीही पाहिलं. खोलीत आम्ही तिघंच होतो. वर पंखा फिरत होता, वर्तमानपत्राचा कोपरा उडत होता. मी इथवर दहा वेळा आले आहे, मनात, रोजच्या कामात, बसमध्ये — आणि दर वेळी वेगळं काहीतरी बोलले आहे. त्या दिवशी मी म्हटलं,

"खूण झालेली आहे, साहेब. माझी खूण चुकत नाही."

एवढंच. तिच्याविरुद्ध एक शब्दही बोलले नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. दुसरं काय होतं ते मग?

तिला त्याच दिवशी काढलं. कुंडाच्या खोलीची किल्ली द्यायला ती माझ्या दाराशी आली. आत आली नाही. म्हणाली, "बाई, नोकरी जाऊ द्या. तुमी फक्त एकदा म्हना — कोनाले नका म्हनू, मले म्हना — का देवका, तू खोटं नाई बोलली." मी म्हटलं, "किल्ली त्या खिळ्याला अडकव."

तिनं अडकवली.

बार्शीटाकळीला ती बहिणीकडे गेली, लोकांच्या शेतात निंदायला जाऊ लागली, असं पुढे कानावर आलं. तिच्या वस्तीत काय म्हटलं असेल लोकांनी? दवाखान्यातली नोकरी, कामचुकारपणानं गेली, एक माणूस तापानं पाडला. हे तिला घरोघर ऐकावं लागलं असणार. मी खरं बोलले असते तर डॉक्टर मला फार तर रागावले असते. वही बदलायला सांगितली असती.

ताप दुसऱ्या कशानं आला असेल, असंही मी धरून बसले होते. नाल्याचं पाणी श्रीपत पीतच असे; डॉक्टर स्वतः म्हणाले होते, नक्की सांगता येत नाही. पण देवकाबाई काही तापामुळे गेली नाही. ती माझ्या खुणांमुळे गेली. तिथे कोणाला शंका नव्हती. मला तर मुळीच नव्हती.

त्यानंतर दोन वर्षं मी स्वतः ते दिवे पुसले. दर शनिवारी. लोकांना वाटलं, बाई किती काळजीच्या! ते प्रायश्चित्त नव्हतं. दुसरी कोणी नेमली असती तर त्या नवीनं पुन्हा सगळं विचारलं असतं. आणि मी नवी पद्धत सुरू केली — ज्याचं काम, त्याची सही, काम झाल्यावर. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी ते खाली मान घालून ऐकलं, तर त्यांना वाटलं विनय.

मग मी अमरावतीला आले. इथे मुलींच्या वसतिगृहाची व्यवस्था पाहते. साठ मुली, दिवसभर गलका. नऊ वाजता दिवे मालवले की माझ्या खोलीत मी आणि वही. मोठे डॉक्टर मागच्या वर्षी वारले. श्रीपत कुठे आहे माहीत नाही. म्हणजे ही गोष्ट ठाऊक असलेल्या आता दोघीच — ती आणि मी. आणि तिचं कोणी खरं मानत नाही.

तीन आठवड्यांपूर्वी तिचं कार्ड आलं. दवाखान्याच्या पत्त्यावर गेलं होतं, तिथून फिरून इकडे. बार्शीटाकळीला सरकारी दवाखान्यात आयाची जागा निघाली आहे. पूर्वीच्या कामाचा दाखला लागतो — काम कसं होतं, वागणूक कशी होती, नोकरी का सुटली. अर्ज या महिन्याच्या अखेरीपर्यंत घेणार आहेत. खाली एवढंच: 'तुम्ही द्याल तो चालेल.' रागाचा शब्द नाही. सात वर्षांचा एक शब्द नाही.

कागद काढला आहे. पहिल्या दोन रकान्यांपुरतं रोज मनात लिहून होतं: काम उत्तम, वागणूक चोख. तिसऱ्या रकान्यापाशी मी उठते आणि पाण्याची टाकी भरली का ते पाहून येते. तिथे खरं लिहायचं तर माझं नाव घालून लिहावं लागेल, आणि खाली माझीच सही. काही न लिहिता सोडला तर दाखला फुकट.

आज महिन्याची सव्वीस तारीख. गहू निवडून झाला. खिडक्यांच्या काचा बसल्या. धोब्याचा हिशेब झाला. देवकाबाईचा दाखला — राहिला आहे.