चार बोटं कापड

आमच्या मावशीला निवांत बसलेलं पाहिलंय असं सांगणारा माणूस अख्ख्या रायपुरात सापडायचा नाही. चहा ती उभ्यानं प्यायची, भाजी चालता चालता निवडायची, आणि शिलाई मशीनवर बसलीच तर निम्म्या शिवणीत सुई तशीच रुतवून उठायची, कारण मधेच तिला आठवायचं की तुळशीला पाणी घालायचं राहिलंय. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं आणि रस्ते रोज नव्यानं खणले जाऊ लागले, तेव्हा सगळं गाव वैतागलं होतं. मावशी मात्र खूश! "चला, कोणीतरी काही करून तर राहिलं," म्हणायची. मी कॉलेजसाठी तिच्याकडे राहत होते. तीन वर्षांत तिनं माझ्या खोलीचे पडदे चारदा उसवून पुन्हा शिवले. एकदा तर मी आंघोळ करून बाहेर येईतो माझ्या ओढणीची भाजीची पिशवी झालेली होती.

शिवणकामात तिचे कायदे वेगळेच. टेपवर तिचा विश्वास नव्हता. "टेप ढिल्ली होते, बोट नाही होत," म्हणून सगळी मापं विती-बोटांनी. आणि काहीही शिवलं तरी दोन्ही बाजूंच्या शिवणीत चार-चार बोटं कापड आत दुमडून ठेवायची, पुढे कधी सैल करायला. लहान पोरांच्या फ्रॉकला ठीक आहे हो! ही काकांच्या पँटलाही ठेवायची. "रिटायर झाल्यावर माणूस सुटते," म्हणे. काका रिटायर झाले, आणि होते तसे काडीसारखेच राहिले. उशीच्या अभ्र्यातही दुमडलेलं कापड पाहून मी विचारलं, "मावशी, उशी वाढते का गं?" तर म्हणाली, "रुई फुगते न, बाई!" उरलेली चिंधीसुद्धा टाकायची नाही. "राहू दे, लागन," की कोंबली पिशवीत. अशा पिशव्या पलंगाखाली इतक्या होत्या की तिथे झाडू जात नव्हता.

त्यात मला काय अवदसा आठवली, कॉलेजच्या वेशभूषा स्पर्धेत मी स्टीमपंक करायचं ठरवलं. इंटरनेट कॅफेतून छापून आणलेलं चित्र मावशीपुढे धरलं. वाफेच्या इंजिनांच्या काळातली विलायती बाई, तपकिरी घेरदार स्कर्ट पुढून वर उचललेला, कंबर मुठीत मावेल एवढी, आणि जागोजागी पितळी चाकं नि बकलं. मावशीनं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "आमचे बाबा इंजनात कोळसा टाकत होते. त्यांच्या कपड्याले चाकं नव्हते, नुसते डाग होते," ती म्हणाली. पण तोवर तिचे पाय चपलेत गेले होते. पंडरीच्या कापडबाजारात पडद्याच्या ताग्याचा उरलेला तुकडा मिळाला. गोल बाजारात पितळी कड्या मिळाल्या आणि एका घड्याळजीकडून मेलेल्या घड्याळांची मूठभर चाकं. बकलांसाठी तिनं मला थेट भनपुरीच्या भंगारबाजारात नेलं. तीन दिवस मी तिच्यामागे नुसती पळत होते.

स्कर्ट झाला, आणि खरंच देखणा झाला. फक्त कंबर! पडद्याचं जाड कापड, त्यात दोन्हीकडे चार-चार बोटांच्या घड्या. आरशात मी कमरेला लोड बांधल्यासारखी दिसत होते. बाकीच्या पोरी भाड्याचे झगमगीत लेहंगे आणणार होत्या, आणि माझं एवढंच मागणं होतं की त्यांच्यापुढे मी गबाळी दिसू नये.

"मावशी, मी वीस वर्षांची आहे. आता नाही वाढत मी. काढ ना ते."

"काहून नाही वाढत? मी नाही वाढली? कापलं की कापलं, पोट्टे. मंग कुठून आणशीन?"

आम्ही भांडलो. स्पर्धेच्या सकाळी ती दूध आणायला गेली तशी मी शिवण उसवली, घड्या कात्रीनं कचाकच कापल्या, मशीन मारली, आणि त्या पट्ट्या मटारच्या सालांखाली कचऱ्याच्या डब्यात खुपसल्या.

हॉलमध्ये मावशी अर्थातच बसली नाही. दाराशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "मी शिवला हाय. आतून चार-चार बोटं सोडलं हाय. दिसून नाही राहिलं, पण हाय!" मला स्टेजवर ऐकू येत होतं. दुसरं बक्षीस मिळालं, आणि कप घेताना मला मान वर करवेना. तिला सांगायचं त्या दिवशी राहिलं, मग वर्षानुवर्षं राहूनच गेलं. मनात ते सारखं टोचत असे.

यंदा माझ्या मुलीच्या शाळेनं पालकांनीही वेश करून यावं असं फर्मान काढलं. पुण्याच्या कपाटातून तो स्कर्ट काढला. दोन पोरांनंतर तो कसला मिटतोय! बरोबर मावशीच्या बोटांइतका कमी पडत होता. तो घेऊन मी रायपूरला गेले.

मावशी बसली होती. गुडघे पार गेलेले, खिडकीशी खुर्चीत, हात मांडीवर. मला बघवेना. काहीतरी करायला द्यावं म्हणून मी स्कर्ट तिच्या मांडीवर टाकला. "घट्ट होतोय गं," एवढंच म्हणाले. तिनं तो उलटा केला आणि शिवणीवरून बोटं फिरवली, एका बाजूनं, मग दुसऱ्या.

"मावशी, मी तेव्हा..."

"पलंगाखालून निळी पिशवी आण."

आणली. तिनं हात घालून तळातून एक गुंडाळी काढली. दोन तपकिरी पट्ट्या, धुतलेल्या, इस्त्री केलेल्या, दोऱ्यानं बांधलेल्या.

"हे... तुला कधी मिळालं?"

"त्याच दिवशी. कचरा टाकाले गेली न मी, हॉलमधे यायच्या आधी."

"मग तिथे सगळ्यांना काय सांगत होतीस, आतून चार बोटं सोडलंय म्हणून?"

"हव. होतं न! माझ्या पर्समधे होतं."

मला हसू आलं आणि रडूही आलं. बोलली का नाहीस, म्हटलं, तर ती पट्ट्या शिवणीला लावून पाहत होती. "तू किती खुश दिसून राहिली होती. काय बोलू? म्हटलं, राहू दे, लागन."

मग खुर्चीचे हात धरून ती उठायला लागली. मी म्हटलं, बस, मी करते. तिनं ऐकलं नाही.

"सर वं," ती म्हणाली, "मशीनीवरचा कपडा काढ आधी."