ध्येयवाक्यातलं ‘अहं’

मॅडमना घसा खाकरायची खोड. बोलता बोलता मध्येच ‘अहं’ व्हायचं, आणि ते सगळ्या जगाला ऐकू यायचं, फक्त त्यांना नाही. एमबीए विभागाच्या त्या प्रमुख. मान्यता चालू ठेवायची की नाही, हे ठरवायला तपासणी समिती येणार होती. नाही म्हणाली, तर प्रवेश बंद आणि विभागाला टाळं.

म्हणून मॅडमनी विभागाचं ध्येयवाक्य स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून पोरांना पाठवलं. ‘‘झोपेतून उठवलं तरी आलं पाहिजे!’’

घरी जेवतानाही तीच घोकंपट्टी. सासूबाई वैतागल्या. ‘‘अगं, पोपट बोलतो म्हणून त्याला कोणी पदवी देतं का?’’

‘‘आई, तुम्ही भाजी घ्या.’’

समिती आली. अध्यक्षांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी पुढच्या रांगेतल्या मुलाला विचारलं, ‘‘विभागाचं ध्येय काय?’’

‘‘जबाबदार, अहं, व्यवस्थापक घडवणं.’’

शेजारणीनंही तेच सांगितलं, ‘अहं’सकट. तिच्या पलीकडच्यानंही. खाकरणं त्याच जागी, त्याच सुरात!

अध्यक्षांनी चष्मा काढला. ‘‘मॅडम, तुमच्या ध्येयात अहं फार आहे हो.’’

मॅडमनी घसा खाकरला, आणि जन्मात पहिल्यांदा ते ‘अहं’ त्यांना ऐकू आलं. मागे खसखस पिकली. त्या पांढऱ्याफटक पडून उठल्या. ‘‘हे पोपट मीच पढवले, सर. मी बाहेर थांबते. त्यांना त्यांच्या शब्दांत सांगू द्या.’’

‘‘बाहेर कशाला? बसा. फक्त बोलू नका.’’

मागची एक अबोल मुलगी उभी राहिली. ‘‘वर्गात आम्ही एक कारखाना कागदावर बंद केला. नफा छान निघाला. मग शिकवणाऱ्या सरांनी खरोखर बंद पडलेला कारखाना दाखवला. तिथे कामगारांचे चहाचे कप अजून खुंट्यांना टांगलेले होते, प्रत्येकावर कुणाचं तरी नाव. परत आल्यावर आम्ही ते गणित पुन्हा मांडलं. कारखाना चालू ठेवून.’’

मॅडमनी वळून तिच्याकडे पाहिलं. ही पोरगी रोज वर्गात आपल्यासमोर असायची! आपण एवढं बोलत राहिलो, आणि हिच्या आत हे केवढं उभं होतं?

संध्याकाळी अध्यक्षांनी निकाल वाचला. ‘‘मान्यता कायम ठेवावी, अशी आम्ही, अहं, शिफारस करतो.’’

ते दचकून थांबले. ‘‘लागलीच की मलाही!’’