जाड तारांचा आवाज कुणाला येतो?

आमच्या ऑर्केस्ट्रात मी बेस गिटार वाजवतो. म्हणजे जाड तारांची, खाली खर्जात घुमणारी गिटार. बुलडाणा जिल्ह्यातली लग्नं, बारशी, गणपती, सगळीकडे हिंडतो. स्टेजवर माझ्याकडे कुणी बघत नाही, मग मीच सगळ्यांकडे बघत बसतो! टेम्पोत वाद्यांबरोबर दर वेळी एखादा किस्साही चढतो आणि तो उतरवायचा राहून जातो.

*

चिखलीच्या एका लग्नात साउंड चेक चाललं होतं. नवरीचे मामा समोर येऊन उभे राहिले. बोटानं माझ्या तारा मोजल्या. चारच!

"दोन तुटल्या काय हो?"

"नाही मामा, साध्या गिटारला सहा, हिला चारच असतात."

"लाजू नका जी. आपल्या घरचं कार्य हाय!"

मला वाटलं, विषय संपला. थोड्या वेळानं मामा परत आले, मंडपवाल्याकडून बांधायच्या तारेचं अख्खं भेंडोळं घेऊन.

"घ्या! अन् उरली तं ठेवून घ्या."

*

माझं एक ठाम मत आहे. बेसवाल्यानं गायकाकडे बघू नये, ड्रमरच्या पायाकडे बघावं. आमचा ड्रमर गजू. मोठ्या ड्रमच्या पेडलवर त्याचा पाय पडला की माझी तार वाजते.

एका हळदीला मोकळ्या मैदानात स्टेज होतं. छान संथ गाणं चाललेलं, आणि गजूचा पाय एकदम सुटलाच! मी धावलो, कीबोर्ड धावला, पाहुणे तर खुर्च्या सारून नाचायला लागले. गाणं संपल्यावर मी विचारलं, "काऊन पळत होता बे?"

"पॅन्टमधी मुंगळे घुसले ना बे!"

त्या घरच्यांनी पुढच्या लग्नालाही आम्हालाच बोलावलं. म्हणाले, "तेच गाणं घ्या. पण तसंच!"

*

आमच्या गायिका मंगलाताई. एकदा त्यांनी विचारलं, "मले एक सांग, तू नाही वाजवलं तं काय होते?"

प्रश्न रास्त होता. खरं तर मलाही उत्तर हवंच होतं. पुढच्या प्रॅक्टिसला गाण्याच्या मध्येच मी हात उचलले. ताई एक ओळ तशाच गायल्या आणि त्यांनी माइकचा स्टँड घट्ट धरला.

"अबे, पायाखालची सतरंजी काऊन ओढली?"

*

प्रत्येक हॉलला स्वतःचा एक सूर असतो. तो आधी शोधावा आणि मग टाळावा! धामणगाव बढेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये आचारी झारा घेऊनच बाहेर आला.

"भाऊ, कोन्ती तार वाजवता? माये झाकणं उडून राह्यले!"

मी एकेक सूर वाजवू लागलो. तो आतून ओरडायचा, "नाही... नाही... हाव! हाच!"

मग पंगती होईपर्यंत मी त्या सुराच्या आजूबाजूनं गेलो. शेवटी आचारी हात पुसत आला. सोबत वाढपी मंडळीही होती.

"जेवणं झाले जी. आता एकदा ते झाकणवालं वाजवा ना!"

*

सोनाळ्याला दुपारचं डोहाळजेवण होतं. हिरव्या साडीतली सून झोपाळ्यावर, माझ्या स्पीकरच्या खोक्याला अगदी लागून बसलेली. पण हसत नव्हती.

मंगलाताई हळूच म्हणाल्या, "सकाळपासून बाळ हाललं नाही म्हने. दवाखान्यात न्यायले गाडी बोलावली हाय. तवरिक तिचं मन रमवा म्हनते सासू."

आम्ही हळू गाणं घेतलं. मी सगळ्यात जाड तार छेडली. सून एकदम ताठ बसली. पोटावर हात ठेवला. मी पुन्हा छेडली. तिनं सासूचा हात ओढून स्वतःच्या पोटावर धरला.

सासूबाईंनी दुसरा हात वर केला. "सगळे चूप राहा. फक्त हा भाऊ वाजवन."

गाणं थांबलं. मी एकटा वाजवत होतो, एकच तार.

"हाललं व माय!" सासूबाईंचा आवाज फुटला. सून हसत होती आणि रडतही होती.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. "तरी दाखवून येऊ," म्हणत सासूबाईंनी सुनेला उठवलं. दारापर्यंत गेल्या आणि माझ्याकडे वळल्या.

"भाऊ, उभे काऊन राह्यले? चला ना गाडीत. ते खोकं घेऊन!"