खारीच्या बरणीतले बेडूक

नखाएवढे तीन बेडूक, पोटं वर करून पडलेले, आणि त्यांच्याभोवती काळी पडलेली पानं... ती बरणी आठवली की आधी तिचा वास येतो – ओल्या मुरमाचा, आणि त्याखाली काहीतरी उग्र, डोळ्यांत झोंबणारं.

कंधारजवळच्या आमच्या गावाबाहेर माळावर पाण्याचा एक झिरपा होता. भाद्रपदात तिथल्या ओलीत दवबिंदू नावाची कीटक खाणारी रोपं उगवत. रुपयाएवढी, तांबडी, पानांच्या केसांवर चिकट थेंब आणि थेंबांत अडकलेली चिलटं. विज्ञानाच्या सरांनी ती दाखवली आणि तालुक्याच्या प्रदर्शनासाठी माझं नाव दिलं. त्यांचे उपकार मी अजून विसरले नाही. शाळेच्या कामासाठी गावाबाहेर जाणारी आमच्या घरातली मी पहिलीच. चहाच्या हॉटेलातली खारीची जुनी काचेची बरणी माझ्या वडिलांनी, आबांनी, मागून आणली, राखेनं घासून लख्ख केली. तिच्यात मी माळाची माती, सहा रोपं आणि तीन बेडूक ठेवले, पुठ्ठ्यावर लिहिलं – ‘चिलट कोणाच्या वाट्याला?’ – आणि बरणी बुद्धाच्या तसबिरीखाली मांडली.

आबा दुसऱ्यांच्या शेतात राबून आले की हातपाय धुण्याआधी बरणीपाशी उकिडवे बसत.

“तुझं पीक लई बारीक हाय गं. साहेब लोक हसतील.”

“तेवढंच असतंय, आबा.”

“हाव का? पर पिवळं बी दिसायलंय.”

प्रदर्शनाच्या सकाळी मी झाकण उघडलं. आबा मागेच उभे होते.

“चमचाभर युरिया घातलता,” ते हळूच म्हणाले. “जरा हिरवं व्हावं म्हणून.”

बेडूक कातडीनं पाणी पितो. दवबिंदूला खत सोसत नाही. हे मला शाळेनं शिकवलं होतं. आबांना खत म्हणजे जीव, एवढंच माहीत होतं.

“तुमचा हात लागला की सगळं नासतंय,” मी म्हणाले.

हे वाक्य आमच्या आज्या-पणज्यांनी गावाकडून ऐकलं होतं. आबांनी ते लेकीच्या तोंडून ऐकलं. त्यांनी बरणी बाभळीखाली रिती केली, हात धुतले, पुन्हा धुतले...

त्यानंतर माझ्या वह्या-पुस्तकांना त्यांनी कधी हात लावला नाही. नांदेडला पदवी मिळाली तेव्हा मी ती त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हात पाठीमागे घेतले.

“तूच धर, माय. मी बघतो की.”

आबा आता नाहीत. पदवीच्या चौकटीवरची धूळ मी दर रविवारी पुसते. त्या काचेवर त्यांच्या बोटांचा एकही ठसा नाही.