कुणाचा डबा आला नाही

"कुणाचा डबा आला न्हाय?"

दर शनिवारी संध्याकाळी माझ्या पिठाच्या गिरणीच्या उंबऱ्यावर पिशवी टेकवून अंगणवाडीच्या बाई एवढंच विचारायच्या. चहालाही थांबायच्या नाहीत. गिरणी चालू असली की ओरडून विचारायच्या, आणि रांगेतल्या बायका आपापल्या डब्यांकडे बघायला लागायच्या.

तुम्ही गिरणीत कधी घटकाभर बसला असाल तर तुम्हालाही दिसलं असेल, कुणाच्या घरात काय खातात ते डब्यावरून कळतं. ज्वारी महागली की रेशनचा गहू येतो. पाहुणे यायचे असले की हरभऱ्याची डाळ येते. घरातले दाणे संपले की डबाच येत नाही. हे शेवटचं इतकी वर्षं गिरणी चालवून माझ्या डोक्यात आलं नव्हतं, बाईंच्या आलं. माझ्याकडून नावं घ्यायच्या आणि तडक त्या घरी जायच्या.

गेल्या गेल्या लेकराचा दंड अंगठ्या-बोटाच्या चिमटीत धरून बघायच्या. मोठ्यांचाही धरायच्या. एकदा माझा धरला आणि म्हणाल्या, "हितं काय काळजी न्हाय." सगळी रांग हसली. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.

सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलंसुरलं खाणारी सून दिसली की सासूसमोर तिला ताट घेऊन बसवायच्या. अंगणवाडीच्या खाऊचं पाकीट कुणी शेळीपुढे टाकलं तर दारातच भांडायच्या. सोलापूरच्या कडेची आमची वस्ती त्यांना मानायची आणि टाळायचीही. कारण बाईंनी दार वाजवलं म्हणजे या घरात दाणा नाही, असा सगळ्या गल्लीत बोभाटा व्हायचा. त्यांना ते कळत नव्हतं आणि सांगायला कुणी धजत नव्हतं.

मग सांगोल्याकडचं एक जोडपं वस्तीत राहायला आलं. मेंढरं विकून आलेलं. तो बांधकामावर जायचा. पदरात वर्षाची मुलगी. रेशनकार्ड गावाकडे, सासऱ्याच्या नावाचं, त्यात ना सुनेचं नाव ना नातीचं. बाईंनी त्या मुलीचा दंड धरला तेव्हा चिमूट पार मिटत आली. "ही जगली पायजे," गिरणीत येऊन त्या मला म्हणाल्या. "हिच्या आयच्या डब्याकडं ध्यान ठेवा." कार्डात नावं घालायला त्यांनी कचेरीत खेपा सुरू केल्या.

पुढच्या शनिवारपासून त्या आईचा डबा अगदी वेळेवर यायला लागला. चांगली टपोरी ज्वारी. बारीक दळा म्हणायची. बाई विचारायच्या, मी सांगायचो, आली होती. त्यांचा जीव भांड्यात पडायचा आणि त्या दुसऱ्या घराकडे वळायच्या. अधूनमधून तिच्या दारी जायच्या, तर कुलूप. तीही आता मुलीला घेऊन बांधकामावर जात होती. डबा येतोय म्हणून बाई निर्धास्त होत्या.

थंडीत मुलगी गेली.

तिला पुरून आल्यावर आईनेच बाईंना सांगितलं. ज्वारी तिची नव्हतीच. शेजारणीचं दळण ती आपल्या डब्यातून आणायची, त्याबद्दल तिला दोन भाकरींचं पीठ मिळायचं.

"डबा आला न्हाय की तुमी दारात येता," ती म्हणाली. "समद्या गल्लीला कळतंय."

बाई तिथून गिरणीत आल्या आणि पोत्यावर बसल्या. मी गिरणी बंद केली. बराच वेळ त्या स्वतःच्या बोटांकडे बघत होत्या.

"म्या डबा बघत बसले," त्या म्हणाल्या. "दंड बघायचा हुता."

त्यानंतर त्यांनी ओरडून विचारणं सोडलं. आत येऊन हळू विचारायच्या. आणि मग एका टोकापासून सगळ्याच दारांत जायला लागल्या, भरल्या घरांतसुद्धा. माझ्याकडेही येऊन नातवाचा दंड बघून गेल्या. सगळीच दारं वाजायला लागली तेव्हा कुणाला लाज वाटायचं कारण उरलं नाही. गुडघे धरले होते त्यांचे, तरी एक घर चुकवायच्या नाहीत. पण रांगेला हसवणं मात्र त्यांनी सोडलं ते सोडलंच.

या उन्हाळ्यात त्या भर दुपारी रस्त्यात चक्कर येऊन पडल्या आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपल्या. मला त्यांची फार आठवण येते. नव्या बाई चांगल्या आहेत, पण त्यांचा दिवस मोबाइलमध्ये माहिती भरण्यात जातो. गिरणीकडे यायचं त्यांना कुणी सांगितलेलंही नसेल.

त्यानंतर एका विणकराच्या घरचा डबा यायचा बंद झाला. दोन आठवडे वाट बघून मीच गेलो. त्याच्या बायकोने अर्धं दार उघडलं, पदर सावरला. "गिरणीवाले, तुमी कसं काय हिकडं?" आत लेकरू किरकिरत होतं. त्याचा दंड दाखव, असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार? मागच्या वेळचं पीठ बारीक झालं होतं ना, एवढंच विचारलं. "व्हय की," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

शनिवारी संध्याकाळी अजून मी गिरणी थोडी उशिरा बंद करतो. कुणाचा डबा आला नाही ते मला माहीत असतं. विचारायला कुणी येत नाही.