आमच्या चौघींची टोळी

वसतिगृहात आम्हाला नावाने कोणी हाक मारत नसे, गावाने मारत. मी सुरगाणा. माझ्या खोलीत सिन्नर, मालेगाव आणि सटाणा. "ए मालेगाव, ताट उचल" असा आवाज स्वयंपाकघरातून आला, की नव्या मुलीला वाटायचं, इथे कोणी एसटीच्या पाट्या वाचतंय.

गोष्ट दोन हजार सालच्या आसपासची. मी नाशिकला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. सुरगाण्याच्या शाळेत मी संगणक पाहिला तो पुस्तकातल्या चित्रात, तोही काळापांढरा. त्यामुळे एका कारखान्याने त्यांचा जुना संगणक आमच्या वसतिगृहाला दिला, तेव्हा तो रिक्षातून उतरवताना मी नुसता हात लावायला पुढे गेले होते. अधीक्षिका मॅडमनी तो कोठीशेजारच्या खोलीत मांडला आणि पाळी लावून दिली. आमच्या खोलीला रविवार मिळाला, दुपारी दोन ते पाच, टायपिंगच्या सरावासाठी.

पहिल्याच रविवारी मालेगावने खेळ शोधून काढला. तिच्या वडिलांचे घरी दोन यंत्रमाग होते. यंत्र दिसलं की कुठली कळ काय करते हे दाबून पाहायचं, अशी तिची सवय. पडदा काळा झाला, मग त्यावर एक दगडी दरवाजा आणि दोन मशाली उमटल्या.

"हाई काय शे?" सटाणा मागे सरकत म्हणाली. घाबरली की तिच्या तोंडून घरची अहिराणी यायची.

"कारखान्यातला कोणी साहेब काम सोडून हेच करत असणार," सिन्नर म्हणाली. तिचे वडील सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत कामगार होते, त्यामुळे साहेबांबद्दल तिची मतं पक्की होती.

सूचना सगळ्या इंग्रजीत. मी शाळेतल्या सरांनी दिलेला शब्दकोश मांडीवर घेऊन एकेक ओळ लावत गेले. खेळ असा होता. एका किल्ल्याखाली सात तळघरं, एकाखाली एक. सर्वांत खालच्या तळघरात एक अजगर गावाचा दिवा गिळून बसलेला. चार जणांची तुकडी बनवायची, खाली उतरायचं आणि तो दिवा वर आणायचा. वाटेत कोणी मेलं तर त्याला उचलून गावातल्या देवळापर्यंत आणावं लागे, मग पुजारी त्याला जिवंत करी. किंवा त्याला तिथेच सोडून पुढे जायचं. तशीही मुभा होती.

तुकडी बनवायलाच आम्हाला दोन रविवार लागले. प्रत्येक पात्राला ठरावीक गुण मिळत. ते ताकद, चपळाई, बुद्धी आणि दम यांत आपण वाटायचे. एकीकडे वाढवलं की दुसरीकडे कमी होई. सिन्नरने लढणारी बाई घेतली आणि होते नव्हते तेवढे गुण ताकदीत टाकले.

"थोडी बुद्धी घे," मी म्हटलं.

"मला नको. सुरगाण्याकडे लय आहे, लागली तर मागून घेईन."

सटाण्याला रक्त बघवत नसे. "मी कोणाला मारणार नाही, पट्टी बांधीन," म्हणून ती वैद्य झाली. मालेगाव चोर झाली.

"चोर? घरी काय सांगशील?" सिन्नरने विचारलं.

"चोर तर चोर! खाली गेल्यावर कुलूप कोण उघडणार मग? तेरा मामा?"

मंत्र म्हणणारा कोणालाच नको होता. तो अशक्त होता, एका फटक्यात मरायचा. मी शेवटी उरले, म्हणून तो माझ्याकडे आला. बायकांचे चेहरे संपले होते, उरला होता गुडघ्यापर्यंत दाढी असलेला एक म्हातारा. त्या दिवसापासून खोलीत मला "आजोबा, पाणी भरा", "आजोबा, दिवा घालवा" असं सुरू झालं.

कामंही वाटून घेतली. मी इंग्रजी वाचायचं आणि बाणाच्या कळा दाबायच्या. मारामारीची कळ सिन्नरकडे. तळघरांचे नकाशे मालेगाव भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकातून उरलेल्या आलेखाच्या कागदावर काढी, रेघ इतकी सरळ की मला हेवा वाटे. शिदोरी आणि औषधाच्या बाटल्यांवर लक्ष सटाण्याचं.

मिळालेल्या वस्तू कशा वाटायच्या, हे मात्र मी ठरवलं. आमच्या भागातली माणसं भाताची लावणी झाली की टोळी करून द्राक्षबागांवर कामाला जातात. माझी आई अशाच एका टोळीची मुकादम होती. टोळीत कोणी दांडगी असते, कोणी म्हातारी, कोणी नुसती भाकरी भाजणारी. पण वाटा सगळ्यांचा सारखा. मी हे लहानपणापासून पाहिलेलं आणि मला त्याचा अभिमान होता. शहरात आल्यावर तर जास्तच. मी म्हटलं, आपणही तसंच करायचं. सगळ्यांना पटलं. मग पहिल्या तळघरात लोखंडी टोप सापडला तो म्हाताऱ्याला, ढाल वैद्याला, चिलखत चोराला आणि तलवार सिन्नरला. एकेकीला एकेक. औषधाच्या बाटल्याही मोजून सारख्या.

आणि आम्ही मरू लागलो. दुसऱ्या तळघरापर्यंत कसंबसं जमे. तिसऱ्यात कोळी होते, कुत्र्याएवढे. ते आधी सिन्नरला पाडत, मग बाकीच्यांना. पाच रविवार आम्ही तिसऱ्या तळघराच्या पायऱ्यांवर मेलो.

एका दुपारी मॅडम दारात कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलंच नाही. पडद्यावर कोळी. आम्ही चौघी उभ्या. त्यांनी खुर्चीवर मला बसवलं, वर्तमानपत्रातला एक उतारा दिला आणि घड्याळ लावून टाइप करायला सांगितला. मी केला. मग बाकीच्या तिघींनी. कागद पाहून त्या म्हणाल्या, "वेग बरा आहे. खेळा. पण दिवाळीच्या सुट्टीत हा संगणक कार्यालयात जाणार, तेव्हा यावर हे असलं काही नको. सुट्टीच्या आधीच्या रविवारी पाच वाजता मी येईन. तुम्हीच काढून टाकायचं."

आजवर मला भेटलेल्या चांगल्या माणसांत मी त्यांना फार वर ठेवते. रागावणं सोपं होतं, त्यांनी मुदत दिली. आमच्याकडे तीन रविवार उरले. तेवढ्यात अजगरापर्यंत पोचायचं, एवढंच आता आमच्या डोक्यात होतं. सिन्नर तर जेवतानाही चमच्याने वार करी.

पुढच्याच रविवारी आई आली. द्राक्षाच्या छाटणीचे दिवस होते. टोळीची जीप पेठ नाक्यावर थांबली होती, बागवाल्याचा टेम्पो यायला दोन तास होते, म्हणून ती विचारत विचारत वसतिगृहात पोचली. नागलीच्या भाकरी आणि खुरासणीची चटणी फडक्यात बांधलेली. मला लाज वाटली असं मी लिहिणार नाही, कारण वाटली नाही. मी तिला हाताला धरून थेट संगणकासमोर नेलं.

"या मावशी, बसा. तुमची मुलगी बघा काय झालीय," मालेगाव म्हणाली आणि म्हाताऱ्यावर बोट ठेवलं.

आईने वाकून पाहिलं. "ही माझी? अगं, दाढी कधी आली हिला?"

हसणं थांबल्यावर मी तिला सगळं सांगितलं. कोण पुढे चालतं, कोण मागे, कोळी कुठे असतात. ती लक्ष देऊन ऐकत होती. अक्षर तिला येत नव्हतं, पण चार चेहरे आणि त्यांच्यापुढच्या वस्तूंची चित्रं तिला दिसत होती.

"ह्याच्या डोक्यावर काय हाय?"

"लोखंडी टोप."

"हा कुठं उभा राहतो?"

"सगळ्यांत मागे."

"आन् ही पुढं उभी राहून मार खाती, ती बोडक्या डोक्यानं?"

"आई, सगळं सारखं वाटून घेतलंय. टोळीसारखं."

आई मग म्हणाली, "येडी का गं तू? भाकर सारखी वाटत्यात. कात्री कोन वाटतं? कात्री छाटणारीच्या हातात. हातमोजे काडीला औषधाची पेस्ट लावणारीला, न्हाय तर तिची कातडी जळंल. समद्यांना एकेक वस्तू दिली, तर एकीकडं नुसती कात्री आन् दुसरीकडं नुसते मोजे. बाग कधी व्हायची? मालक हाकलून देईल."

लहानपणापासून टोळी पाहिली असं मी म्हणत होते, पण मी पाहिला होता तो संध्याकाळचा वाटा. सकाळी कामाला लावताना आई कोणाच्या हातात काय देते, ते मी कधी पाहिलंच नव्हतं. तेव्हा मी शाळेत असायचे.

"मग आता काय करू?"

"मला इचारू नको, त्यांना इचार. कोनाला काय लागतं ते ज्याचं त्याला ठावं असतं."

टोप, ढाल, चिलखत सगळं सिन्नरकडे गेलं. औषधाच्या बाटल्या सटाण्याकडे, कारण पट्टी तीच बांधणार. दुसऱ्या तळघरात वाट्याला आलेले हातमोजे मालेगावने काढून ठेवले. ते घातले की कुलूप लवकर उघडत नाही, हे तिने दोन महिने कोणाला सांगितलं नव्हतं. "वाट्याची चीज, नको कसं म्हणू?" ती म्हणाली. माझ्या म्हाताऱ्याकडे एक काठी उरली. आम्ही खाली उतरलो. पहिला कोळी सिन्नरच्या ढालीवर आपटला आणि ती उभीच राहिली. आईने टाळी वाजवली. मग तिचा टेम्पो आला असेल म्हणून ती घाईने निघाली. जाताना माझ्या तिन्ही मैत्रिणींच्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

आज मी एका महाविद्यालयात संगणक शिकवते. प्रकल्पासाठी मुलांचे गट करताना हुशार हुशार एकत्र बसू पाहतात, तेव्हा मी त्यांना विचारते, तुमच्यात कुलूप कोण उघडणार? मुलांना वाटतं, बाई काहीतरी इंग्रजी पुस्तकातलं सांगताहेत. मी सांगते, हे मला माझ्या आईने शिकवलं आणि ती द्राक्षाच्या बागेत मुकादम होती. हे सांगताना माझी मान ताठ असते.

आई आली त्या रविवारी आम्ही चौथं तळघर ओलांडलं. पुढच्या रविवारी पाचवं आणि सहावं. शेवटच्या रविवारी तीन वाजताच आम्ही सातव्यात होतो. साडेचारला अजगराच्या दारापर्यंत पोचलो. दाराला कुलूप होतं. मालेगावने ते उघडलं आणि दारात लपवलेला एक लोखंडी सूळ सुटला. चोर मेला, त्याचा चेहरा पडद्यावर राखाडी झाला.

दार उघडं होतं. अजगर समोर दिसत होता. पुजारी सात तळघरं वर.

"चल आत," सिन्नर म्हणाली. "तिघी पुरे आहोत. बाटल्या आहेत, तुझे मंत्र आहेत. दहा मिनिटांत होईल."

"आणि हिला?" सटाण्याने विचारलं.

"अगं, खेळ आहे तो! ही इथे बसलीय ना ढळढळीत!"

"जा ना," मालेगाव म्हणाली. "मी काय खरंच मेले का? शेवट तर बघू."

पण ती बाकावरून उठून खिडकीत जाऊन बसली होती. नकाशाचा कागद उलटा मांडीवर. तीन महिन्यांत प्रत्येक कुलूप तिने उघडलं होतं, हेही शेवटचं तिनेच.

बाणाच्या कळा माझ्याकडे होत्या. मी वळले.

"सुरगाणा! काय करतेस?" सिन्नर ओरडली. तिने माझा हात धरला. मी सोडवून घेतला. माझ्यापेक्षा ती ताकदीने दुप्पट, तरी तिने पुन्हा धरला नाही. "तुझ्यामुळे शेवट जाईल," एवढंच म्हणाली आणि लढायची कळ दाबत राहिली, कारण वर जाताना वाटेत कोळी होतेच.

"डावीकडे," खिडकीतून आवाज आला. "मग सरळ, मग पुन्हा डावीकडे. खड्डा आहे तिथे, बघ." नकाशा सुलटा झाला होता.

पाचला चार मिनिटं कमी असताना पुजाऱ्याने हात वर केला आणि राखाडी चेहऱ्यावर रंग आला. मालेगाव खिडकीतून उडी मारून आली. पुन्हा खाली उतरायला वेळ नव्हता. गावाच्या वेशीत चौघी उभ्या होत्या.

बरोबर पाचला मॅडम आल्या. "झालं का? मिळाला तुमचा दिवा?"

माझ्याआधी सिन्नरच बोलली. डोळ्यांत पाणी, आवाजात राग.

"नाही मिळाला. पण चौघी आहोत, मॅडम. मोजून घ्या."

मॅडमनी खरंच मोजल्या, पडद्यावरच्या. मग त्यांनी मला खेळ काढून टाकायला सांगितला. मी आज्ञा टाइप केली, एकही चूक न करता. संगणकाने विचारलं, नक्की का? सिन्नरने माझ्यावरून हात घालून कळ दाबली.

ती माझ्याशी बोलली नाही. पण संगणकावर प्लास्टिकचं आवरण घालायला मी घेतलं, तेव्हा त्याचं दुसरं टोक तिने धरलं.