माळवदावरून अर्धं मैदान

जालन्यात फुटबॉल खरा कळणारं माणूस त्या काळी एकच होतं आणि ते माझ्या सासरी राहत होतं. नऊवारी लुगडं नेसायचं, सुपारी कातरत बसायचं, आणि त्यानं उभ्या जन्मात ना मैदानात पाय ठेवला होता ना चेंडूला लावला होता. ते माणूस म्हणजे माझ्या आत्येसासूबाई. कोवळ्या वयात नवरा गेला, भावाच्या घरी परत आल्या त्या कायमच्या. सगळे त्यांना आत्याबाई म्हणत. लग्न होऊन मी टेंभुर्णीहून आले तेव्हा मनात भीती होती की सासरच्या बाया आधी स्वयंपाकाचं विचारतील. आत्याबाईंनी विचारलं, "नजर कशीय गं तुझी? लांबचं दिसतं का?" मी म्हटलं, दिसतं की. "मंग चल वर, जल्दी. खेळ सुरू होऊन राह्यला." ओटीतले तांदूळसुद्धा त्यांनी मला सोडू दिले नाहीत. नवी नवरी थेट माळवदावर गेली आणि तिथं उभ्या उभ्या तिच्या ओटीतले निम्मे तांदूळ चिमण्यांनी खाल्ले.

आमचं घर कापसाच्या कारखान्याला पाठ लावून होतं. तिथं सरकी काढायची आणि रुईच्या गाठी बांधायच्या. माळवदावर उभं राहिलं की खाली कारखान्याचं आवार आणि आवाराच्या पलीकडं मैदान. कारखान्याच्या हमालांची एक टीम होती. मी यायच्या कितीतरी आधी एका उन्हाळ्यात ही मंडळी दुपारच्या सुट्टीत आवारातच खेळत होती, आणि चेंडू उडाला तो थेट आत्याबाईंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर आला. आत्याबाईंनी चेंडू टोपल्याखाली झाकला आणि टोपल्यावर स्वतः बसल्या. हमालांचा मुकादम उस्मान, तोच टीमचा कप्तान, भिंतीखाली येऊन म्हणाला, "अम्माँ, गेंद देव ना." आत्याबाई म्हणाल्या, "देते की. पण आधी सांग, एवढाली माणसं ह्या एका चामड्यापायी ऊर फुटंस्तोवर का पळून राह्यली?" मग त्या भर उन्हात उस्मानभाई खालून आणि आत्याबाई वरून, असा तासभर धडा चालला. बाकी सगळं त्यांना पटलं. चेंडूला हात लावायचा नाही हे तेवढं शेवटपर्यंत पटलं नाही. "मंग देवानं हात दिले कशाला?" असं त्या चांगल्या चुरशीच्या सामन्यात मध्येच विचारायच्या. पण त्या दिवसापासून कारखान्याचा एकही सामना त्यांनी चुकवला नाही.

गावच्या टीमा दोन दर्जांत वाटलेल्या होत्या. अव्वल दर्जात बड्या लोकांच्या, दोयम दर्जात आमच्यासारख्यांच्या. दोयममधली पहिली टीम वर चढायची, अव्वलमधली शेवटची खाली उतरायची, आणि दोयममध्ये जी शेवटची येईल ती सरळ बाहेर, कारण दोयमच्या खाली दर्जाच नव्हता. आमची टीम एकदा चुकून वर गेली. वर्षभर सगळ्यांच्या हातचा मार खाल्ला आणि निमूट खाली आली. गल्लीत सुतक आल्यासारखं वातावरण, आणि आत्याबाईंनी शिरा केला! मी म्हटलं, "आत्याबाई, अहो खाली घसरलो आपण." तर म्हणाल्या, "घसरलो काय? घरी आलो. अगं, पहिल्या पंगतीला सगळ्यांची नजर आपल्या पानावर. पोटभर जेवता येतं का मेलं? दुसऱ्या पंगतीला बघ कसं बिनघोर जेवतो आपण." मी सहज विचारलं, दुसऱ्या पंगतीतूनही उठवलं तर? आत्याबाईंचा अडकित्ता थांबला. "असं वंगाळ बोलू न्हाई," म्हणाल्या आणि शिऱ्याचं पातेलं घेऊन खाली गेल्या.

मनेजर लोकांबद्दल त्यांचं मत अगदी सोपं होतं. खुर्चीवर बसणारा मनेजर कामाचा नाही. पहिला मनेजर पलटणीतून उतरलेला म्हातारा हवालदार होता. तो अख्खा खेळभर उभा राहून शिव्या द्यायचा, म्हणून तो आत्याबाईंचा लाडका. "शिवी दिल्याबिगर माणसाला कळत न्हाई की आपल्याकडं कुणाचं तरी ध्यान हाय," असं त्या म्हणायच्या. त्याच्यानंतर कारखान्याच्या शेठजींचा मेहुणा आला. हा खुर्ची आणायचा, छत्री आणायचा, आणि छत्रीखाली डुलक्या काढायचा. आत्याबाईंनी त्याला सुधारायचा विडाच उचलला. माझे यजमान त्याच कारखान्यात कारकून. रोज सकाळी डबा हातात देताना आत्याबाई त्यांच्याकडं निरोप द्यायच्या: डाव्या अंगाच्या उंच गड्याला मध्ये घे म्हणावं, त्या गोलवाल्याला पुढं पुढं पळू देऊ नको म्हणावं, आणि छत्री मिट म्हणावं. संध्याकाळी विचारायच्या, "सांगितलंस का बराबर?" हे म्हणायचे, "बिलकुल, आत्या." ह्यांनी एका शब्दानं कधी काही सांगितलं नव्हतं. नोकरी का घालवायची होती त्यांना? पण टीम जिंकली की आत्याबाई कृतार्थ व्हायच्या आणि हरली की म्हणायच्या, "ऐकतच न्हाई गं तो मेहुणा!" दोन्हीकडून त्यांचंच खरं व्हायचं.

पैशाबद्दलही त्यांची मतं होती. आमचा गोलवाला तेव्हाच्या हाली सिक्क्यात चार रुपये जास्त मिळतात म्हणून दुसऱ्या टीमकडं गेला तेव्हा गल्ली त्याच्या नावानं बोटं मोडत होती. आत्याबाई म्हणाल्या, "चार रुपये काय कमी असतात का? त्याला दोन लेकरं हायेत. जाईना का. पण एका शब्दानं सांगून गेला असता तर मी काय त्याला अडवणार होते?" आणि पुढच्या सामन्यात त्यानं आमचाच गोल अडवला तेव्हा वरून, "वा रे माझ्या वाघा!" असं ओरडल्या. मग जीभ चावली आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तू काही ऐकलं न्हाईस."

पण त्यांचा पैशाशी खरा संबंध वेगळाच होता. सामने दसऱ्यानंतर सुरू व्हायचे, आणि कापसाचा हंगामही तेव्हाच. सुरुवातीला माळवदावरून अख्खं मैदान स्वच्छ दिसायचं. मग आवारात एका अंगानं गाठींच्या थप्प्या चढू लागायच्या आणि संक्रांतीपर्यंत मैदानाचा त्या अंगाचा अर्धा भाग, तिकडच्या गोलासकट, गाठींच्या आड जायचा. भाव चांगला असला की मालगाडीचे डबे लागायचे, गाठी उचलल्या जायच्या आणि मैदान पुन्हा उघडं पडायचं. भाव पडला की गाठी तिथंच. त्यामुळं आत्याबाई रोज ह्यांना विचारायच्या, "डबे लागले का रे? माल उचलला का?" ही गोष्ट शेठजींच्या कानावर गेली. कारकुनाच्या आत्याला कारखान्याची एवढी काळजी! त्यांचे डोळे भरून आले म्हणे. दिवाळीला त्यांनी आत्याबाईंना एक इरकली लुगडं पाठवलं. मनेजर तेव्हा हवालदारच होता; आत्याबाईंनी ते नेसून त्या हंगामातले सगळे सामने बघितले.

गाठींआडचा खेळ त्या कानांनी बघायच्या. आरडाओरडा ऐकून कुणाचा गोल झाला ते अचूक सांगायच्या. पण एक खोड त्यांना लागली होती. त्यांना दिसणाऱ्या भागात आमचे गडी जिवाच्या आकांतानं पळायचे. आमच्यावर गोल बसायचा तो मात्र हमखास पलीकडं, गाठींच्या आड. त्यावरून त्यांनी ठाम ठरवून टाकलं होतं की ही मंडळी तिकडच्या अंगाला गेली की आळस करतात. "म्हातारी बघून न्हाई राह्यली, मंग कोण पळतंय?" असं म्हणायच्या आणि खरोखर रुसायच्या. ह्यांनी कितीदा सांगितलं, "आत्या, तसं नाहीये." आत्याबाई म्हणायच्या, "तू मनेजरच्या बाजूनं बोलू नको."

मग मंदीचं ते वर्ष आलं. कापसाला कुणी विचारेना. गाठींवर गाठी चढल्या, आत्याबाईंच्या माळवदापेक्षा उंच. इकडं टीमचंही तेच. सगळ्यांकडून हरत हरत शेवटच्या सामन्याला आली तेव्हा हिशेब उघड होता: बरोबरी झाली तरी दोयममध्ये राहतो, हरलो तर बाहेर. आणि शेठजींनी सांगून टाकलं होतं की बाहेर गेली तर टीम बंद, ह्या वर्षी फुकटचा खर्चा झेपायचा नाही. त्या आठवड्यात आत्याबाईंनी आमटीत दोनदा मीठ घातलं आणि भाताला एकदाही घातलं नाही. हे म्हणाले, "आत्या, पडद्याचा टांगा करतो, मैदानात चला." त्या म्हणाल्या, "खालून काय दिसतं? पुढच्याची पाठ." पण सामन्याच्या आदल्या दिवशी मी मिरच्या काढायला वर गेले तर आत्याबाई उलट्या टोपल्यावर चढून, टाचा उंचावून गाठींवरून बघू पाहत होत्या. मैदान तर त्या दिवशी रिकामंच असणार. मला बघून खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "न्हाई दिसत गं. वीस वर्षं बघितलं, आन् शेवटचंच न्हाई दिसत." मला फार वाईट वाटलं. मी खाली येऊन ह्यांना म्हटलं, तुम्ही जा आणि उस्मानभाईंना एवढं सांगा, की गाठींमुळं आत्याबाईंना शेवटचा खेळ दिसायचा नाही. हे जरा घुटमळले, मग गेले. एवढ्या वर्षांत ह्यांनी आत्याबाईंचा एकच निरोप पोचवला, आणि तो आत्याबाईंनी दिलेलाच नव्हता.

सामन्याच्या दिवशी सकाळी आवारात गलका. वर जाऊन बघते तर अख्खी टीम थप्पीवर चढलेली! मधल्या रांगेतल्या गाठी काढून दोन्ही कडांना रचायचं काम चाललं होतं. एकेक गाठ चार चार माणसांना आवरत नाही. मेहुणा खालून कपाळ बडवत होता, "अरे, दुपारी सामना आहे! थकून जाल, मग खेळणार कोण?" उस्मानभाई वरून शांतपणे म्हणाले, "काम हाताँ का है साब. खेल तो पाँवाँ का है." आत्याबाई कठड्याशी उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी माझा दंड धरला होता आणि दुपारी त्यावर पाच बोटं उमटलेली मला दिसली. बारा वाजेपर्यंत थप्पीच्या मधोमध दोन बैलगाड्या जातील एवढी जागा मोकळी झाली. पलीकडचा गोल, त्याचे दोन खांब, सगळं समोर.

आणि खेळले हो! असे कधी खेळले नव्हते. पहिल्या अर्ध्यात आम्हीच गोल केला, तोही पलीकडच्या टोकाला, आत्याबाईंच्या डोळ्यांदेखत. त्या पदर तोंडाला लावून नुसत्या उभ्या राहिल्या. मीच इतकी ओरडले की खालून सासऱ्यांनी खाकरून विचारलं, काय झालं. बाजू बदलल्यावर आमचा गोल पलीकडं गेला. तिथं एक चढला, बरोबरी झाली. तरी चाललं असतं. पण शेवटी शेवटी त्या मोकळ्या जागेतून आम्हाला स्पष्ट दिसलं: उस्मानभाई अख्खं मैदान पळत मागं आले, चेंडूवर पडले, आणि चेंडू त्यांच्या पायाला घासून आत गेला. शिट्टी वाजली. संपलं.

संध्याकाळी टीम भिंतीखाली येऊन उभी राहिली, सगळ्यांच्या माना खाली. उस्मानभाई म्हणाले, "हार गए अम्माँ. इत्ता करके भी हार गए." आत्याबाई कठड्यावरून वाकल्या. मला वाटलं आता रडतील. त्या म्हणाल्या, "बघितलं की मी. समदं बघितलं. लेकरांनो, माझं चुकलं. मला वाटायचं तिकडच्या अंगाला तुम्ही पळत न्हाई. तिकडंबी तेवढंच पळता की रे!" आणि हसायला लागल्या. उस्मानभाईही हसले. मग आत्याबाईंनी मला शिरा करायला पाठवलं, दोन्ही हातांनी तूप घालून.

टीम बंद झाली. पुढच्या दसऱ्याला गाठी चढायला लागल्या तेव्हा थप्पीच्या मधोमध तेवढीच जागा मोकळी सोडलेली. आत्याबाईंनी वरून विचारलं, "आता कशाला रे? आपला खेळ तर संपला." उस्मानभाई म्हणाले, "दुसऱ्याँ का देखो, अम्माँ." आणि आत्याबाईंनी बघितलं, पुढं कितीतरी वर्षं. दुसऱ्यांच्या टीमा, दुसऱ्यांचे मनेजर, कोण खुर्चीवर बसतो, कोण उभा राहतो. वरून सगळ्यांना सल्ले द्यायच्या आणि निरोप पोचवायला ह्यांना सांगायच्या. हे म्हणायचे, "बिलकुल, आत्या."

आत्याबाई गेल्या. उस्मानभाईही गेले. राज्य बदललं, हाली सिक्का गेला, कारखान्याचे शेठ बदलले. एका हंगामात मी कुरडयांचं जुनं टोपलं शोधायला वर गेले तर आवारात नवे हमाल थप्प्या रचत होते, आणि मध्ये जागा तशीच मोकळी. मी वरूनच विचारलं, "ती जागा कशाला रे सोडता?" एक पोरसवदा हमाल मान वर करून म्हणाला, "मालूम न्हाई, अम्माँ. शुरू से ऐसाच है." पलीकडं मैदानात कुणीतरी खेळत होतं. मी टोपलं पालथं घातलं आणि त्यावर बसून खेळ संपेपर्यंत बघितला.